श्रुतलेखन

१

तिसऱ्या आठवड्यातला तास स्तामेनाला तोंडपाठ होता. नऊ वर्षं ती तो घेत आली होती आणि नऊ वर्षं तो एकाच वाक्यावर संपत आला होता. "बघा, यात काही सापडलं नाही. आणि सापडायला नकोच होतं."

विषय होता जैविक अनुक्रमांचं संगणकीय विश्लेषण. एका प्राण्याच्या पेशीतून वाचलेली ए, सी, जी, टी या चार अक्षरांची लांबच लांब माळ घ्यायची, दुसऱ्या प्राण्याच्या माळेशी ताडायची आणि साम्य दिसलं तर ते नात्यामुळे आहे की योगायोगानं, ते ठरवायचं. साम्य दिसलं की पोरं हुरळून जातात. म्हणून आधी योगायोग कसा दिसतो ते त्यांना दाखवायचं. प्रत्येकानं संगणकाकडून साठ अक्षरं वाटेल तशी काढून घ्यायची आणि मग सगळ्यांच्या माळा एकमेकींशी ताडून बघायच्या. कुठे पाच अक्षरं सलग जुळतात, कुठे सहा, फार तर आठ-नऊ. त्यापुढे काही नाही.

पिरोत गावातला हा विभाग जुन्या पशुवैद्यकीय ठाण्याच्या इमारतीत होता. नोव्हेंबर लागला की खोल्या तापवायला गावच्या भट्टीतून गरम पाणी भिंतींलगतच्या नळ्यांमध्ये यायचं आणि ते कमी-जास्त करायची चावी कधीचीच तुटलेली होती. खिडक्या रंग लावताना चौकटींना चिकटून बसल्या होत्या. बाहेर स्तारा प्लानिनाच्या डोंगरावरून बोचरा वारा, आत सोळा पोरं बाह्या वर करून घामाघूम. स्तामेना रोज तक्रारीचा अर्ज लिहायची आणि रोज तो कुणाच्या तरी खणात जाऊन पडायचा.

"मॅडम, माझी वीस जुळतायत," रास्तको म्हणाला. लांब मानेचा, हळू बोलणारा मुलगा. उत्तर बरोबर असलं तरी माफी मागितल्यासारखं सांगायचा.

"वीस काय?"

"अक्षरं. सलग. माझी शेवटची वीस आणि कोसाराची पहिली वीस."

मागून कुणीतरी ओरडलं, "बहीण निघाली रे तुझी!" वर्ग खिदळला.

स्तामेनानं त्याच्या पडद्यावर वाकून पाहिलं. जुळत होती. एकही अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. वीस अक्षरं सलग जुळण्याची शक्यता एक लाख कोटीत एक. सोळा जणांत जोड्या किती होतात, तेवढ्या पटीनं वाढवली, तरी हा तास जग संपेपर्यंत रोज घेतला असता आणि असं दिसलं नसतं.

"कुणी कुणाचं उतरवलं?" तिनं विचारलं.

"कुणीच नाही," कोसारा म्हणाली. ती पहिल्या बाकावर बसायची, केस पेन्सिलीनं वर खोचलेले, आवाज गरजेपेक्षा मोठा. "मॅडम, मला चोरायचंच असतं तर ज्याला काही अर्थ आहे असं चोरलं असतं. कचरा कशाला चोरू?"

पुन्हा हशा पिकला. एरवी स्तामेनाही हसली असती. पण ब्लाउज पाठीला चिकटला होता, तासाची दहा मिनिटं उरली होती आणि नऊ वर्षांचं पाठ वाक्य आज म्हणता येत नव्हतं.

"दोघांना शून्य," ती म्हणाली. "आणि विभागप्रमुखांकडे लेखी जाईल."

रास्तकोनं मान खाली घातली. कोसाराची मान ताठच राहिली.

२

संध्याकाळ होण्याआधीच स्तामेनाला वाटायला लागलं, की आपण आततायीपणा केला.

तिनं अक्षरं काढून देणारा प्रोग्राम उघडून ओळ न् ओळ वाचला. तिनं स्वतःच लिहिलेला, चार ओळींचा. त्यात चुकायला जागाच नव्हती. तिन्ही रांगांमधल्या संगणकांवर तो चालवून पाहिला. दहा हजार अक्षरं काढली, लाख काढली. चारही अक्षरं सारख्या प्रमाणात, हवी तशी विखुरलेली. यंत्र शहाण्यासारखं वागत होतं. ते बिघडलेलं निघालं असतं तर तिनं त्याला मिठी मारली असती.

मग ती प्राध्यापक देनिचकडे गेली. विभागप्रमुख देनिच टेबलावर कागद अंथरून चीज भरलेला तेलकट बुरेक खात होते. मिशीला दही लागलं होतं.

"सर, ते शून्य मला मागे घ्यायचंय. मी नीट बघितलं नव्हतं."

"म्हणजे पोरांनी उतरवलं नाही?"

"मला माहीत नाही."

"बाईसाहेब," देनिच बोटं पुसत म्हणाले, "एक तर पोरांनी नक्कल केली, नाहीतर तुम्हाला साधा तास घेता येत नाही. जानेवारीत तुमच्या नेमणुकीची मुदत संपतेय. मी कुठलं लिहू, तुम्हीच सांगा."

"तिसरं काही असू शकतं."

"काय?"

 तिसरं काय ते तिलाच ठाऊक नव्हतं.

"बघा," ते जरा नरमले, "कागद मुख्य कचेरीत गेलाय. आता शिक्षा झाली तर वसतिगृहातली खोलीही जाते, नियमच आहे. ती कोसारा, व्हिदानोविचांची पोरगी, डोंगरातल्या गावची. तिचं शिक्षण संपलंच म्हणायचं. पण हे लिहायच्या आधी सुचायला हवं होतं."

जिना उतरताना स्तामेनानं कठड्यावर जोरात मूठ आपटली. हात झिणझिणत राहिला. राग कुणावर काढायचा, हेही धड ठरत नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता कोसारा एकटीच प्रयोगशाळेत आली आणि तिनं पत्त्यांचा कॅट टेबलावर आपटला.

"संगणक नको, काही नको. चार रंग, चार अक्षरं. बदाम ए, इस्पिक सी, चौकट जी, किलवर टी. मी एकेक पत्ता ओढते, परत आत घालते, पिसते. तुम्ही लिहा. साठ होईपर्यंत. त्यानंतर मला चोर म्हणायचं तर म्हणा."

"कोसारा, याची गरज नाही. मी ती तक्रार मागे—"

"मागे घेता येत नाही म्हणे. मी विचारून आले. ओढू?"

मागच्या भिंतीशी एकच टेबल रिकामं होतं, शीतगृहाच्या दाराला लागून. पशुवैद्यकीय ठाण्याच्या काळात तिथे लशी ठेवायचे. वीज तोडून वीस वर्षं झाली होती, आत मोडक्या खुर्च्या असल्याचं ऐकिवात होतं. दार जाड पत्र्याचं, त्याच्या वरच्या अर्ध्या भागात तारेची जाळी घातलेली काच. सगळी इमारत तापलेली असताना त्या दारापाशी मात्र बरं वाटायचं.

कोसारा पत्ते ओढत गेली. पिसण्याची फरफर, पत्ता टेबलावर पडल्याची टक, स्तामेनाच्या पेनाची खरखर. वीसेक पत्त्यांनंतर कोसारा थांबली.

"मॅडम, तुम्ही आधी बोलू नका ना. माझं लक्ष जातं."

"मी कुठे बोलतेय?"

"अक्षर म्हणताय ना तुम्ही. हळू आवाजात."

"तू पत्ता टाकलास की मी मनात म्हणते. ओठ हलत असतील."

"टाकल्यावर नाही," कोसारा म्हणाली. "टाकायच्या आधी."

 नळीत पाणी गुळगुळलं. स्तामेनाला पहिल्यांदा वाटलं, पोरगी खेळ करतेय. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून वाटलं, नाही. आणि मग तिनं शिक्षक करतात तेच केलं.

"पुढचा ओढ," ती म्हणाली. जीभ दातांखाली घट्ट धरून तिनं उरलेली अक्षरं लिहिली. कोसारा पुन्हा काही बोलली नाही, पण दर वेळी पत्ता उलटण्याआधी तिचे डोळे क्षणभर दाराकडे जात होते.

साठ झाली. स्तामेनानं ती माळ संगणकात घातली आणि आदल्या दिवशीच्या सोळा माळांशी ताडली. पत्त्यांची पहिली वीस अक्षरं कोसाराच्या आधीच्या माळेच्या शेवटच्या वीस अक्षरांशी जुळत होती. रास्तकोची माळ जिथे संपली तिथून कोसाराची सुरू झाली होती, आणि ती संपली तिथून पत्त्यांची.

"झालं!" कोसारानं टाळी वाजवली. "तुमच्या डोळ्यांसमोर! आता लिहा, कोसारा निर्दोष."

तिचे गाल आनंदानं लाल झाले होते. हे होऊच शकत नाही, याची तिला फिकीर नव्हती. तिची खोली वाचत होती.

स्तामेनानं तिला वसतिगृहात परत पाठवलं आणि ती बराच वेळ दोन्ही तळवे टेबलावर ठेवून बसून राहिली, टेबल कुठे जाणार असल्यासारखी.

४

ती पुन्हा देनिचकडे गेली. पत्त्यांचं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

"पत्ते! मुख्य कचेरीची चौकशी समिती येतेय आणि मी त्यांना पत्ते सांगू? अठरा डिसेंबरला डॉक्टर पेर्सिदा येतायत, समितीत त्या आणि मी. एकोणीसला माझ्या घरी स्लावा, आमच्या घरच्या संताचा सण, ऐंशी माणसं जेवायला. मला ही भानगड अठराला दुपारपर्यंत संपलेली हवी."

"सर, तुम्ही एकदा येऊन बघा. अर्धा तास."

"बाईसाहेब, मी तीस वर्षं संभाव्यता शिकवतोय. मला पत्त्यांचे खेळ दाखवू नका."

दारात विभागाची सफाई बघणारी रूझा मावशी बादली घेऊन उभी होती. तिला शीतगृहाची किल्ली हवी होती.

"कशाला?" देनिच खेकसले.

"काच पुसायला. आतून ओल धरते, मग वाळते, डाग पडतो. मी बाहेरून घासघासून मेले, डाग आतला आहे. तुम्हीच म्हणता समिती येणार, स्वच्छ दिसलं पाहिजे."

"त्या दाराची किल्ली मी आलो तेव्हाच हरवलेली होती. असू दे डाग."

"मग मला बोलू नका," म्हणत मावशी बादली आपटत गेली.

रविवारी स्तामेनानं घरी एक काम केलं. ते आपण नऊ वर्षांत कधी का केलं नाही, याचं तिला नंतर नवल वाटलं. तिनं दर वर्षीच्या माळा जपून ठेवल्या होत्या, तुलनेसाठी वापरता येतील म्हणून. पण ज्यात काही नाही हे आधीच माहीत आहे, ते दुसऱ्या वर्षीच्या माळांशी कोण ताडून बघतं? तिनं त्या सगळ्या, शंभर-सव्वाशे माळा, एकत्र घातल्या आणि भाजलेल्या मिरच्या सोलायला बसली. पहिली मिरची सोलून होण्याआधी उत्तर आलं होतं.

सगळ्या जुळत होत्या, एका वर्षीच्या माळेचा शेवट दुसऱ्या वर्षीच्या माळेच्या सुरुवातीशी; एकाच वर्षातल्या दोन माळा यंदाच पहिल्यांदा जुळल्या होत्या, म्हणून वर्गात आजवर काही दिसलं नव्हतं. पहिल्या वर्षीच्या पहिल्या मुलापासून रास्तकोपर्यंत, कोसारापर्यंत, पत्त्यांपर्यंत, टोकाला टोक लावून एकच लांब माळ. मध्ये एकही तुटलेली जागा नव्हती. नऊ वर्षं ती दर नोव्हेंबरात फळ्यासमोर उभी राहून सांगत होती, की यात काही नाही, आणि नऊ वर्षं त्या खोलीत कुणीतरी आपलं काम पुढे नेत होतं.

ती माळ कुठल्या प्राण्याशी मिळते, हे बघायला एक बटण दाबावं लागलं असतं. तिनं हात पुसले, संगणक बंद केला आणि मिरच्या सोलत राहिली. सोलून झाल्यावर त्या तिला खाववल्या नाहीत.

५

अठरा डिसेंबरला सकाळी अकरा वाजता बर्फावरून परतलेला पांढरा उजेड प्रयोगशाळेत भरला होता. डॉक्टर पेर्सिदा साठीच्या, आखूड केसांच्या, कोट न काढता बसल्या. शेजारी देनिच, नवा टाय लावून.

"मला लांबण नको," पेर्सिदा म्हणाल्या. "मुलगी म्हणते पत्त्यांनी सिद्ध करते. करू दे. पण एकटी नाही. सगळा वर्ग करेल. कॅट मी पिसेन आणि मी वाटेन."

वसतिगृहातून सोळा कॅट गोळा केले होते. स्तामेनानं रात्रीच मोजून दोन बाद केले होते, पत्ते कमी होते म्हणून. त्या जागी तिनं शेजाऱ्यांकडून आणले. इतकं सगळं होऊनही आकडेमोड चोख हवी, याचं तिचं तिलाच हसू आलं होतं. तिला आता एकच हवं होतं. आज काहीही न जुळता, नऊ वर्षांच्या सवयीप्रमाणे कचरा निघावा. मग कोसाराचं काय ते बघता येईल. निदान हे तरी थांबेल.

"प्रत्येकानं पत्ता ओढायचा, अक्षर मोठ्यानं म्हणायचं, लिहायचं, पत्ता परत घालून पिसायचं," ती म्हणाली. "आपापल्या गतीनं. शेजारच्याकडे बघायचं नाही."

सुरुवातीला बाजार भरल्यासारखा गलका झाला. सोळा तोंडांची सोळा अक्षरं, कुणी पुढे, कुणी मागे. पेर्सिदा मान हलवत होत्या. देनिच घड्याळ बघत होते. स्तामेनानं श्वास सोडला. ठीक आहे, गलका आहे. गलका म्हणजे योगायोग.

मग गलका पातळ व्हायला लागला.

आधी तिला वाटलं, पोरं दमली. पण आवाज कमी झाले नव्हते, एकमेकांत मिसळत होते. दोघांचं "जी" एकदम पडलं. मग चौघांचं "ए". पिसण्याची फरफर एका लयीत यायला लागली. पोरं शेजारी बघत नव्हती, प्रत्येकाची मान आपापल्या कागदावर होती, कपाळावर घाम होता. आणि मग सोळा पत्ते एकाच वेळी टेबलावर पडले. एकच टक.

"सी," सोळा जण म्हणाले.

पिसणं. टक.

"सी."

पिसणं. टक.

"ए."

पेर्सिदांनी पेन खाली ठेवलं.

तेव्हा स्तामेनाला ऐकू आलं. पिसणं थांबणं आणि पत्ता पडणं यांच्या मधल्या त्या इवल्याशा जागेत कुणीतरी म्हणालं, "टी."

टक. सोळा किलवर.

"टी," पोरं म्हणाली.

तो आवाज मोठा नव्हता. त्याला घाई नव्हती. पहिलीच्या वर्गात बाई श्रुतलेखन घालतात, एक शब्द सांगतात, सगळ्या पेन्सिली थांबेपर्यंत थांबतात, मग पुढचा, तसा तो होता. समजूतदार. अक्षर अगदी स्पष्ट होतं, पण ते म्हणायला जीभ आणि दात लागले असतील असं वाटत नव्हतं.

"जी."

टक. "जी."

स्तामेनानं मागे वळून पाहिलं. शीतगृहाच्या काचेवर, अगदी वरच्या कोपऱ्यात, जिथे हात पोहोचवायला खुर्चीवर चढावं लागलं असतं, तिथे आतून वाफ धरली होती. पंजाएवढा पांढरा ठिपका. "ए," आवाज म्हणाला आणि ठिपका पसरला. पोरांनी "ए" म्हटलं आणि तो आक्रसला. पुन्हा पसरला. वाफेमागे काहीतरी काचेला टेकलेलं होतं, फिकट आणि सपाट, आणि ते पुढच्या अक्षरासाठी उघडत होतं.

"थांबा!" ती ओरडली. "पुरे! थांबा!"

कुणी थांबलं नाही. टक. "सी." ती पहिल्या बाकाकडे धावली आणि कोसाराच्या हातातल्या पत्त्यांवर तिनं दोन्ही हात दाबले. कोसारानं झोपेतून उठल्यासारखं वर पाहिलं. तिच्याबरोबर बाकीचे पंधरा हातही थांबले.

खोलीत फक्त नळ्यांचं गुळगुळणं उरलं. काच कोरडी होती.

"मी काही ऐकलं नाही," देनिच म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला होता आणि तो नव्या टायनं पुसत होते, पुसत होते.

पेर्सिदांनी कागद गोळा केले. वाचता वाचता त्यांचा चेहरा कठोर होत गेला. पहिली बावीस अक्षरं प्रत्येकाची वेगळी होती. तेविसाव्यापासून सोळाही कागदांवर एकच ओळ होती. प्रत्येकाची एकूण सत्तावन्न अक्षरं, साठाला तीन कमी.

"छान," त्या म्हणाल्या. "पाठ केलंत. बसवलंत. आमची थट्टा करायला अख्ख्या वर्गानं नाटक बसवलं. आणि तिकडे आत कुणाला तरी लपवून ठेवलंय बोलायला. एकेकाला बघते मी. सगळ्यांच्या खोल्या जातील."

"मॅडम, आई शप्पथ—" मागून कुणीतरी रडवेलं म्हणालं.

स्तामेनानं त्या सोळा चेहऱ्यांकडे पाहिलं. खरं सांगायला तिच्याकडे काही नव्हतं. खरं काय ते दारामागे होतं आणि किल्ली हरवली होती.

"मी बसवलं," ती म्हणाली. "पोरांना मी करायला लावलं. सुरुवातीपासून. प्रोग्रामही मीच बिघडवला होता, कोसारानं आणि रास्तकोनं काही उतरवलं नव्हतं. लिहून द्या, मी सही करते."

"का केलंत?" पेर्सिदांनी विचारलं.

"कंटाळा आला होता," स्तामेना म्हणाली, आणि ते इतक्या वैतागलेल्या स्वरात निघालं की पेर्सिदांना पटलं.

६

कोसारानं तिला जिन्यात गाठलं.

"खोटं का बोललात? तुमची नोकरी गेली."

"तुझी खोली राहिली ना? मग झालं. मी तुला आधी विनाकारण चोर म्हणाले होते."

कोसारा कठड्याला टेकली. आज तिचा आवाज लहान होता.

"मॅडम, तीन अक्षरं राहिली."

"राहू देत."

"मला माहीत आहेत. सगळ्यांना माहीत आहेत. आत्ता बाहेर विचारलं मी, कुणी म्हणून दाखवत नाही, पण सगळ्यांना येतायत. शिंक येते तशी. तुम्हाला?"

स्तामेनालाही येत होती. दाताच्या मागे, जिभेच्या टोकावर, एका पाठोपाठ एक, तीन.

"मला नाही," ती म्हणाली. "ऐक. म्हणायची नाहीत. लिहायची तर अजिबात नाहीत. कागदावर नाही, वाळूत नाही, कुठेच नाही. सगळ्यांना सांग."

"लिहिली तर काय होईल?"

"मला माहीत नाही," स्तामेना चिडून म्हणाली. "गेला महिनाभर सगळे मला तेच विचारतायत आणि मला माहीत नाही."

७

फेब्रुवारीत तिला एका दूधसंघाच्या तपासणीगृहात काम मिळालं. दुधातले जंतू मोजायचे, आकडा लिहायचा. काम साधं होतं. आकडा लिहिताना ती दर वेळी पेन जरा जास्तच घट्ट धरायची.

एका मंगळवारी साडेबारा वाजता कोसाराचा फोन आला.

"मॅडम, रास्तकोनं लिहिलं."

स्तामेनानं काचेची नळी स्टँडमध्ये ठेवली. "किती?"

"दोन. त्याला झोप नव्हती येत दोन महिने. लिहून टाकलं की सुटेल, असं वाटलं त्याला. दोन लिहिली आणि घाबरला, मला हाक मारली. तिसरं लिहू देत नाहीये मी. हात धरून ठेवलाय, फोन त्यानंच डाव्या हातानं लावून दिलाय."

"पेन काढून घे."

"पेन केव्हाच काढलं. नखानं लिहितो. मॅडम, सकाळी आठपासून धरलाय मी. माझ्या हाताला आता जाणवत नाहीये. बाकी सगळे परीक्षेला गेलेत. मला दुसरं कुणाला बोलवावं सुचेना."

स्तामेना पांढऱ्या कोटातच निघाली. वसतिगृह वीस मिनिटांवर होतं, ती बारा मिनिटांत पोहोचली. दुसऱ्या मजल्यावरची खोली, दोन पलंग, खिडकीत वाळत टाकलेले मोजे. रास्तको टेबलाशी बसला होता, गाल रडून सुजलेले. कोसारा जमिनीवर गुडघे टेकून, त्याचं उजवं मनगट दोन्ही हातांनी धरून टेबलाच्या वर उचलून बसली होती. तिची बोटं पांढरी पडली होती. टेबलावर लाकडात दोन अक्षरं ओरखडलेली होती. स्तामेनानं त्यांच्याकडे न बघता त्यावर टॉवेल टाकला.

"सॉरी, मॅडम," रास्तको म्हणाला. "मी नाही हलवत आहे तो."

"माहीत आहे मला."

तिनं त्याचं मनगट आपल्या हातात घेतलं. हातात जोर फारसा नव्हता. तो झटके देत नव्हता, ओढत नव्हता. नुसता खाली जात होता, लहान मुलाचा हात पाटीकडे जातो तसा, आणि जरा सैल सोडलं की तेवढाच आणखी खाली. तिनं दोन्ही कोपर टेबलावर रोवले.

खोलीत चौथं कुणी नव्हतं. भिंतीतल्या कपाटाचं दार बंद होतं. त्या दाराआडून कुणीतरी, न चिडता, न कंटाळता, राहिलेलं एक अक्षर पुन्हा सांगितलं आणि लिहून व्हायची वाट बघत थांबलं.

रास्तकोनं डोळे घट्ट मिटले. कोसारा दोन्ही हात काखेत दाबून भिंतीला टेकली होती.

स्तामेनानं पकड नीट केली, अंगठा त्याच्या नाडीवर बसवला.

"कोसारा," ती म्हणाली, "तू खाली जाऊन जेवून ये. हात गरम पाण्यात धर. मग मला सोडव."